डिस्क दिसत नाही, म्हणजे गेली असं नाही



मागच्या वेळी आपण मिरची दळण्याआधी तिच्यातला ओलावा कसा ओळखायचा ते बोललो. आज एकदम संगणकाकडे वळतो आहोत. 'हे काही आपल्या कामाचं नाही' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आता बऱ्याच ग्रामसंघांचे हिशेब कुठल्या ना कुठल्या संगणकात गेले आहेत. तो संगणक एक दिवस हिशेबाची फाईल दाखवायला नाही म्हणतो, तेव्हा काय करायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय करायचं नाही, ते आज सांगणार आहोत. आमच्या ग्रामसंघात हे घडलं आहे. त्यात आम्ही चुकलोही, तेही सांगतो.

आमचा संगणक कंपनीचा तयार नाही, जोडून घेतलेला आहे. कंपनीचा घ्यायला पैसे पुरत नव्हते. गटातल्या एका बाईची मुलगी अमरावतीला शिकते. तिनं सुटे भाग आणले आणि सभेच्या खोलीतल्या टेबलावर एका दुपारी जोडून दिले. बाया भोवती बसून पाहत होत्या. असा जोडलेला संगणक म्हणजे हलका, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर घ्या. अमेरिकेनं हवा तो महासंगणक द्यायला नकार दिला, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभं राहिलं. भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. तोसुद्धा बाजारात मिळणारे छोटे छोटे प्रोसेसर एकत्र जोडूनच केलेला होता. तेव्हा जोडलेल्या यंत्राला नाक मुरडू नका. फक्त एक आहे, कंपनीचा संगणक बिघडला तर कंपनीला फोन करता येतो. जोडलेला बिघडला तर आपल्यालाच डबा उघडावा लागतो.

आता झालं काय, ते ऐका. संगणक जुना होऊन मंद झाला होता. चालू करून चहा ठेवला तर चहा आधी व्हायचा. होळीच्या सुट्टीत ती मुलगी गावी आली. तिनं एक नवी एसएसडी बसवली, च्युइंगमच्या पट्टीएवढी. तिला एम-टू म्हणतात. विंडोज नव्या पट्टीवर टाकली आणि जुनी मोठी हार्डडिस्क फाईली ठेवायला तशीच आत राहू दिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती परीक्षेला निघून गेली.

संध्याकाळी आमच्या लेखापाल काकूंनी संगणक लावला. झटकन सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग काकू म्हणाल्या, "ताई, डी ड्राइव्ह दिसूनच नाही रायला."

डी ड्राइव्हमध्ये अकरा गटांचे तीन वर्षांचे हिशेब होते. कर्जाची खतावणी, हप्त्यांचे तक्ते, सभांचे ठराव, मसाल्याच्या ऑर्डरी. मार्च महिना चालू होता. बँकेत सीसी कर्जाच्या नूतनीकरणाचे कागद द्यायचे होते. बँक गटाची वही पाहते, हे तुम्हाला सांगायला नको. १९९२ मध्ये नाबार्डनं पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला. तेव्हापासून गटाकडे गहाण ठेवायला काही नसलं तरी त्याची वही हीच त्याची पत, या समजुतीवर हे सगळं चाललं आहे. पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र म्हणूनच हिशेबाचं आहे. आमची तीच वही दिसेनाशी झाली.

खोलीत कुजबुज सुरू झाली. "पोरीनं पुसून टाकलं." कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण तिच्या आईला ऐकू जाईल इतपत बोललं गेलं. त्या बाई पुढच्या दोन सभांना आल्या नाहीत. आम्ही समन्वयक म्हणून तिथेच बसलो होतो. 'आधी पाहू तरी' एवढं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डबा तालुक्याच्या गावी एका दुकानात नेला. दुकानदारानं तो उघडलाही नाही. लावून पाहिला, डी ड्राइव्ह नाही म्हणाला, "हार्डडिस्क गेली. नवी टाका. जुन्यातला डाटा पाहिजे असेल तर बाहेर पाठवावी लागते, खर्च येतो." आम्ही डबा उचलून परत आलो. ऑटोत काकू डब्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनीच पहिला शहाणपणाचा प्रश्न विचारला, "ताई, वावरातली मोटर बंद पडली तर आपण लगेच तिले विहिरीतून वर काढतो का?"

नाही काढत. आधी लाईन आहे का पाहतो. मग फ्यूज पाहतो. मग स्टार्टर, मग केबल. हे सगळं ठीक निघालं तरच मोटर वर काढायची, कारण ते सगळ्यात खर्चाचं आणि कष्टाचं काम. संगणकाच्या डिस्कचंही अगदी तसंच आहे. दुकानदारानं लाईन न पाहताच मोटर जळली म्हणून सांगितलं होतं.

त्या रात्री मुलीला फोन लावला. तिनं फोनवरून सांगितलं आणि आम्ही केलं.

आधी डिस्क म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हार्डडिस्कच्या आत काचेसारख्या गुळगुळीत चकत्या असतात आणि त्या गरगर फिरतात, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे. ७२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे झाले. चकतीवरून एक बारीक टोक हलत असतं, ते लिहितं आणि वाचतं. टोक चकतीला टेकत नाही, केसाच्या जाडीच्या कितीतरी हजारपट कमी अंतर राखून तरंगतं. म्हणून चालू डिस्कला धक्का नको, आणि म्हणूनच तिचं सीलबंद झाकण घरी कधीच उघडायचं नाही. धुळीचा एक कण त्या टोकाला डोंगरासारखा असतो. पहिली अशी डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ मध्ये आणली. दोन-दोन फुटी पन्नास चकत्या, वजन टनाच्या घरात, आणि मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेले दोन-चार फोटोही त्यात बसणार नाहीत. एसएसडीमध्ये मात्र काहीच फिरत नाही, सगळं चिपमध्ये. म्हणून तिचा आवाज येत नाही.

डिस्क आणि पडद्यावरचा डी ड्राइव्ह यांच्यामध्ये चार-पाच टप्पे असतात. एसएमपीएसच्या डब्यातून वीज येते, हा पहिला. डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत माहितीची वायर जाते, हा दुसरा. ती वायर बोर्डावरच्या ज्या खोबणीत जाते ती खोबण तिसरी. मग बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना पहिल्यांदा जागा होणारा बोर्डाचा स्वतःचा कारभारी. तो घरात कोण कोण आहे याची हजेरी घेतो. आणि शेवटी विंडोज, ती डिस्कला सी, डी अशी नावं देते. यातला कोणताही टप्पा तुटला तरी पडद्यावर एकच गोष्ट दिसते, म्हणजे काहीच दिसत नाही. म्हणून 'दिसत नाही' यावरून डिस्क मेली असं ठरवता येत नाही.

मुलीनं पहिलं काम सांगितलं ते विंडोजमध्येच. डाव्या कोपऱ्यातल्या विंडोजच्या चिन्हावर उजवं बटण दाबायचं, यादीत 'डिस्क मॅनेजमेंट' निवडायचं. तिथे संगणकाला जाणवलेल्या सगळ्या डिस्कांची पट्टी दिसते. कधी कधी डिस्क इथे व्यवस्थित असते, फक्त तिला अक्षर मिळालेलं नसतं. तेव्हा त्या पट्टीवर उजवं बटण दाबून ड्राइव्हचं अक्षर द्यायचं, झालं काम. कधी डिस्कवर 'ऑफलाइन' लिहिलेलं असतं, तिला 'ऑनलाइन' करायचं. हे दोन्ही उपाय बिनधोक आहेत.

पण इथेच एक खड्डा आहे, तो नीट लक्षात ठेवा. ही खिडकी उघडताच संगणक कधी कधी विचारतो, डिस्क 'इनिशियलाइज' करू का? किंवा फाईल उघडायला गेलं की विचारतो, आधी 'फॉरमॅट' करायची का? डिस्क नवी कोरी असेल तर हो म्हणायचं, कारण कोऱ्या डिस्कवर आधी रेघा आखाव्याच लागतात. तेव्हा एमबीआर की जीपीटी असं विचारतात, तिथे जीपीटी घ्या. जुनी एमबीआर पद्धत साधारण दोन टीबीच्या पुढची जागा धरू शकत नाही. आमच्या ओळखीच्या एका गटानं नवी डिस्क 'दिसत नाही' म्हणून दुकानात परत नेली होती. तिला काही झालं नव्हतं, रेघा आखायच्या राहिल्या होत्या एवढंच. पण जिच्यात आपले हिशेब आहेत त्या जुन्या डिस्कबद्दल असा प्रश्न आला तर 'नाही' म्हणायचं, खिडकी बंद करायची, संगणक बंद करायचा. जुनी डिस्क 'रॉ' किंवा 'अनअलोकेटेड' दिसली तरी तेच करायचं. आतली माहिती तोवर बहुधा शाबूत असते. आपण हो म्हणतो तिथून तिचा घात सुरू होतो.

आमच्या खिडकीत एकच डिस्क दिसत होती, नवी पट्टी. जुनीचा पत्ताच नव्हता. म्हणजे बिघाड विंडोजच्या अलीकडे होता, डब्यात.

डबा उघडायचा तर तयारी लागते. संगणक रीतसर बंद करा. भिंतीवरचं बटण बंद करा आणि वायरही काढा. मग चालू करायचं बटण एकदा दाबून सोडा, उरलीसुरली वीज उतरते. हातातल्या बांगड्या, अंगठ्या काढून ठेवा. मंगळसूत्र ब्लाउजच्या आत टाका, पदर खोचा. बारीक भागांवर धातू लोंबकळला की कशात तरी अडकतो. नायलॉनची साडी कोरड्या हवेत अंगाला चिकटून चटचट करते ना, ती वीज बारीक भागांना मारते. म्हणून सुती नेसा आणि हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या लोखंडाला बोट लावा. आणि एसएमपीएसचा चौकोनी डबा, ज्याला पंखा असतो तो, कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्याच्यात झटका देण्याइतकी वीज साठून असते.

झाकण काढलं आणि काकूंनी "अगं माय" म्हटलं. आत बोटभर धूळ. गावात सरकीचे दोन ढीग आणि वर उन्हाळ्याचा वारा, दुसरं काय होणार! मऊ कुंच्यानं झाडली. फडकं ओलं करू नका. दोन ठिकाणी उंदरानं वायरचा प्लास्टिक भाग कुरतडला होता, पण तार शाबूत होती. उंदीर हे आपल्याकडे वायर तुटण्याचं फार मोठं कारण आहे, पुस्तकात ते लिहीत नाहीत. दुसरं कारण कूलर. कूलरच्या झोतासमोर संगणक ठेवला तर ओलसर हवा आत जाते आणि जोडणीच्या पिनांवर गंज धरतो. आपल्याला गार वाटतं म्हणून यंत्रालाही बरं वाटेल असं समजू नका. त्याला उलटी भिंत द्या.

डिस्कच्या पाठीला दोन जोडण्या असतात. रुंद जोडणी विजेची, अरुंद माहितीची. दोन्हींच्या आत कोन असतो, म्हणून त्या उलट्या बसत नाहीत, जोर करू नका. दोन्ही काढून पुन्हा नीट दाबून बसवायच्या. ऑटो-टेम्पोतून आणलेल्या डब्यात निम्म्या वेळा बिघाड एवढाच असतो. आम्हीही बसवल्या. झाकण उघडंच ठेवून वायर लावली, संगणक चालू केला. मुलगी फोनवर म्हणाली, "काकू, डिस्कवर तळहात ठेवा. थरथरते का?"

काकूंनी डोळे मिटून हात ठेवला. सातवी शिकलेल्या, पण आटाचक्कीवर तीस वर्षं बसलेल्या बाई त्या. जातं आतून कसं चाललं आहे ते त्यांना हातानं कळतं. "फिरून रायली," त्या म्हणाल्या. "एकसारखी फिरून रायली. खडखड नाही."

हे कळणं फार मोलाचं होतं. हार्डडिस्क फिरते म्हणजे तिला वीज मिळते आहे आणि मोटर जिवंत आहे. फिरतच नसती तर विजेची दुसरी जोडणी लावून पाहिली असती. एसएमपीएसमधून अशा दोन-तीन निघतात. इथे जोडलेल्या संगणकवाल्यांसाठी एक कडक सूचना. काही एसएमपीएसच्या वायरी डब्यातून सुट्या होतात. एका कंपनीच्या एसएमपीएसची वायर दुसऱ्याला कधी लावू नका, तोंड जुळलं तरी नाही. आतला क्रम वेगळा असू शकतो, आणि चुकीच्या पिनेवर बारा व्होल्ट गेले की चांगली डिस्क क्षणात जळते. एसएसडीला हात लावून मात्र काही कळत नाही, ती गप्पच असते.

मग बायोस पाहिलं. संगणक चालू करताच 'डिलीट' बटण टकटक दाबत राहायचं, काही बोर्डांवर 'एफ-टू'. इंग्रजी पान उघडतं. घाबरू नका, वाचायला गेलात तर काही बिघडत नाही. फक्त बदल जतन न करता बाहेर या. तिथे साटा खोबण्यांची यादी असते, कुठल्या खोबणीत कोण बसलं आहे त्याची. बायोसमध्ये डिस्कचं नाव आलं आणि विंडोजमध्ये नाही, तर दोष विंडोजकडे. बायोसमध्येच नाही, तर वायर, खोबण किंवा डिस्क. आमच्या यादीत जुन्या डिस्कच्या जागी रिकामं होतं.

याच पानावर तारीख-वेळही पाहून ठेवा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा रुपयाएवढा सेल संपला आहे. सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो संपला की बायोस जुन्या मांडण्या विसरतं, आणि कधी कधी डिस्क न दिसण्याचं मूळ तिथे असतं. आमची तारीख बरोबर होती.

आता वायरवर संशय. साटाची माहितीची वायर शंभर रुपयांच्या आत-बाहेर मिळते. दुसऱ्या दिवशी एक नवी आणली, बदलली. काही नाही. इथे आमचा धीर सुटला. कोणीतरी म्हणालं, दुकानदार बरोबरच सांगत होता. एकीनं तर नव्या डिस्कसाठी वर्गणीचा विषय काढला.

मुलीनं सांगितलं, डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहा. गावातल्या ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या भाऊंकडे संगणक आहे. रात्री त्यांचं काम संपल्यावर डिस्क टॉवेलात गुंडाळून नेली. त्यांचा संगणक बंद करून तिथे लावली, सुरू केली. आणि सगळं दिसलं. अकरा गट, तीन वर्षं, ठरावांचे फोटो, सगळं. काकूंनी कर्ज खतावणी उघडून आधी स्वतःचा हप्ता पाहिला आणि मग पदरानं डोळे पुसले. आम्ही तिथल्या तिथे सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. हा क्रम लक्षात ठेवा. डिस्क दिसली की बिघाड शोधत बसायचं नाही, आधी नक्कल काढायची. ती पुन्हा दिसेलच याची खात्री नसते.

त्याच रात्री तिच्या आईच्या घरी गेलो. पोरीनं काही पुसलं नव्हतं, एवढं सांगायला. त्यांनी चहा केला. फार बोलल्या नाहीत.

डिस्क चांगली, वायर नवी, वीज आहे. मग आमच्याच संगणकात तिला काय झालं? उरली होती खोबण. आणि खोबण बदलून पाहायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. बोर्डावर चार एकसारख्या खोबण्या, त्या सगळ्या सारख्याच असणार असं धरून चाललो होतो. खरं तर वायर विकत आणण्याआधीच हे करून पाहायला हवं होतं. त्याला एक रुपया लागत नाही.

मुलीनं बोर्डाचं माहितीपुस्तक मोबाइलवर उघडून वाचलं आणि तिकडून ओरडली, "ताई, सापडलं." पुस्तकात बारीक अक्षरात एक टीप होती. एम-टूच्या जागेत साटा जातीची पट्टी बसवली तर तीन नंबरची साटा खोबण बंद होते. बोर्डावर रस्ते मोजके असतात. एकच रस्ता दोन दारांकडे वळवलेला असतो, एक दार उघडलं की दुसरं बंद. पाण्याच्या पाइपाला वावरात वाय लावतो तसं समजा, फक्त एका वेळी एकच तोंड चालू राहतं. विंडोज टाकताना चुकून जुन्या डिस्कवर पडू नये म्हणून मुलीनं आधी जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली होती. हे तिचं बरोबरच होतं, सगळ्यांनी असंच करावं. काम झाल्यावर वायर परत लावताना हाताला जवळ आली ती खोबण तीन नंबरची होती. आधी डिस्क एक नंबरमध्ये होती. एवढाच फरक.

वायर एक नंबरमध्ये लावली. डी ड्राइव्ह आला.

तेव्हा ज्यांच्या संगणकात अशी पट्टी नव्यानं बसवली आहे आणि त्याच दिवसापासून जुनी डिस्क हरवली आहे, त्यांनी सगळ्यात आधी खोबण बदलून पाहावी. उलटही होतं, पट्टीच दिसत नाही. पट्ट्या दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. दोन खाचांची बहुधा साटा, एका खाचेची बहुधा एनव्हीएमई. काही बोर्डांची जागा एकच जात स्वीकारते. पट्टी आत बसते, स्क्रू लागतो, पण बोर्ड तिला ओळखत नाही. म्हणून पट्टी विकत घेण्याआधी बोर्डाचं नाव कागदावर लिहून दुकानात न्या. मोटरसाठी स्टार्टर घेताना हॉर्सपॉवर सांगतो ना, तसं.

आमचं निभावलं. पण शेजारच्या गावातल्या एका गटाचं निभावलं नाही, तेही सांगायला हवं. त्यांची डिस्क दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. आतून टक... टक... असा एकसारखा आवाज येत होता. असा आवाज म्हणजे आतलं टोक जागा शोधतं आहे आणि त्याला ती सापडत नाही. कधी टोक चकतीला घासतही असतं. अशी डिस्क ताबडतोब बंद करायची आणि पुन्हा चालू करायची नाही. प्रत्येक वेळी चालू केली की आतली आणखी माहिती खरवडली जाते. या बायांनी आठवडाभर रोज लावून पाहिली, 'आज तरी दिसंल' म्हणून. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्लाही कोणी दिला होता, तोही करून पाहिला. तसं करू नका, आत दव धरतं. शेवटी डिस्क अजिबात बोलेनाशी झाली. अशा डिस्कमधून माहिती काढणारे असतात, धूळ नसलेल्या खास खोलीत उघडून. पण तो खर्च गटाला झेपण्यासारखा नसतो आणि इतकी खरवडलेली असेल तर तेही हात टेकतात.

त्या गटाला वाचवलं ते सभासदांच्या हातातल्या पासबुकांनी. घरोघरी जाऊन पासबुकं गोळा केली आणि एकेक नोंद पुन्हा उतरवली. दोन बायांची पासबुकं पावसात भिजली होती, त्यांचं बँकेच्या उताऱ्यावरून जुळवलं. यात जवळपास दीड महिना गेला. व्याजाच्या एका नोंदीवरून दोघींत झालेला वाद अजून मिटलेला नाही. संगणक आला म्हणून पासबुकावर सही करणं बंद करू नका, असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

आमच्या ग्रामसंघानं आता असं ठेवलं आहे. महिन्याची सभा संपली की खोली सोडण्याआधी काकू हिशेबाची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतात. तो पेन ड्राइव्ह अध्यक्षांच्या घरी जातो, त्याच खोलीत राहत नाही. आग, चोरी, वीज पडणं, काहीही झालं तरी दोन्ही एकदम जायला नकोत. दर तीन महिन्यांनी खतावणीचा कागदी उतारा काढून रजिस्टरला चिकटवतो आणि त्यावर सचिवांची सही घेतो. ज्यांच्याकडे इंटरनेट नीट चालतं त्यांनी एक प्रत गूगल ड्राइव्हवरही ठेवावी. त्याचा पासवर्ड एकीलाच माहीत असू नये. मृगाच्या तोंडी विजा कडकडायला लागल्या की संगणकाची वायर भिंतीतून काढून ठेवायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

ती मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत परत आली. सभेत आम्ही सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. ती लाजली आणि म्हणाली, चूक माझीपण होती, पुस्तक आधी वाचायला पाहिजे होतं. मग तिनं दोन दुपारी सहा जणींना डबा उघडायला शिकवलं. तिची आई पहिल्या दिवशी पेचकस घेऊन सगळ्यात पुढे बसली होती.

डब्याच्या आतल्या बाजूला आता काकूंच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'तीन नंबरच्या भोकात वायर लावू नये. काही विचारलं तर नाही म्हणावं. आधी फोन करावा.' खाली तारीख आणि सही.